कोळसा संपला, जमीन कुणाची?

खाण सुरू होते तेव्हा मंत्री येतात, नारळ फुटतो, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. खाण बंद होते तेव्हा कुणीही येत नाही. गावाला तारीखसुद्धा कळत नाही. एखादे शॉवेल दुरुस्तीला म्हणून जाते ते परत येत नाही. डंपर दुसऱ्या खाणीवर पाठवले जातात. कायम कामगारांच्या बदल्यांचे आदेश निघतात. कंत्राटदाराचे टिप्पर एका रात्रीत पुढच्या कंत्राटाकडे निघून जातात. शेवटी पंप थांबतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत खदान पाण्याने भरते. लोक म्हणतात, खदान बुडाली. खरे तर तिचे नाव हिशेबाच्या वहीतून खोडले गेलेले असते.

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, भद्रावती, वणी, उमरेड या पट्ट्यात गेल्या पन्नास वर्षांत खुल्या खाणींवर पुष्कळ बोलले गेले. मोबदला किती, नोकरी कुणाला, धुळीचे काय, यावर मोर्चे निघाले, उपोषणे झाली, निवडणुका लढवल्या गेल्या. परंतु खाण संपल्यावर काय, या प्रश्नावर ना कामगार संघटना बोलल्या, ना पक्ष, ना आपण लेखक मंडळी. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : कोळशासाठी म्हणून घेतलेली जमीन कोळसा संपल्यानंतर कंपनीची राहता कामा नये. आणि ती गावाला परत देताना केवळ सातबाऱ्यावरची नावे वाचून भागणार नाही. ज्यांच्या नावावर कधीच सातबारा नव्हता त्यांचाही त्या जमिनीवर हक्क आहे. हे म्हणणे अनेकांना भाबडे वाटेल. म्हणून आधी खाण चालते कशी आणि मरते कशी, ते नीट पाहू.

वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा गोंडवना काळातला. इथला मुख्य थर चांगला जाड आहे, काही ठिकाणी पंधरा-वीस मीटरपर्यंत. पण तो पाटासारखा सपाट नाही, तिरका उतरत जातो. जिथे तो जमिनीच्या जवळ येतो तिथे खाण सुरू होते. आधी झाडे आणि शेते जातात. मग वरची काळी माती खरवडतात. ही माती वेगळी ठेवून पुढे परत पसरायची, असा नियम आहे. प्रत्यक्षात ती किती ठिकाणी वेगळी राहते हे कुठल्याही ढिगाऱ्याचा रंग पाहिल्यावर कळते. त्याखाली वालुकाश्म लागतो. त्यात भोके पाडून सुरुंग भरतात, भोंगा वाजतो, स्फोट होतो आणि शेजारच्या गावातल्या भिंतींना आणखी एक तडा जातो. फुटलेला खडक शॉवेल उचलते, डंपर वाहून नेतो. पायऱ्या-पायऱ्यांनी खड्डा खाली जातो. मग काळा थर दिसतो आणि तिथून पुढे रेल्वे सायडिंग, वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने यांचा हिशेब सुरू होतो.

कोळशाच्या वरची माती आणि खडक यांना खाणीच्या भाषेत ओबी म्हणतात. या ओबीचा मार्ग समजला तर अर्धा प्रश्न समजतो. पहिल्या काही वर्षांची ओबी टाकायला खाणीच्या आत जागाच नसते. ती बाहेर टाकतात, म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी शेतात. त्यासाठी वेगळी जमीन घेतली जाते. पुढे कोळसा काढून रिकामा झालेला भाग तयार झाला की नव्या मातीने तो भरत जातात. म्हणजे खाण जसजशी पुढे सरकते तसतशी मागची जागा बुजत जाते. शेवटी मात्र हिशेब जुळत नाही. सुरुवातीची माती बाहेर डोंगर होऊन बसलेली असते आणि शेवटचा खड्डा उघडा राहतो. दोघांमध्ये दोन-चार किलोमीटरचे अंतर असते. डोंगराची माती उचलून खड्ड्यात टाकणे यंत्राला अशक्य नाही. ज्या यंत्रांनी ती बाहेर काढली तीच ती परत टाकू शकतात. फक्त त्या कामातून कोळसा निघत नाही, म्हणून ते काम होत नाही.

आता खाण का मरते? कोळसा संपतो म्हणून, हे उत्तर अर्धेच खरे आहे. थर तिरका असल्यामुळे खाण जसजशी पुढे जाते तसतशी ती खोल होते आणि एक टन कोळशामागे अधिकाधिक माती काढावी लागते. वेकोलिच्या खाणींत हे प्रमाण कोल इंडियाच्या इतर कंपन्यांपेक्षा जास्त आहे. ओडिशात थर उथळ आणि जाड, तिथला कोळसा स्वस्त पडतो. आपल्याकडचा महाग पडतो. एका टप्प्यावर हिशेबनीस सांगतो की पुढची माती काढण्यात पैसा नाही. कधी पुढे नदी येते, कधी रेल्वेमार्ग, कधी न घेतलेले गाव. तिथे खाण थांबते. खाली कोळसा असतोच. त्या भावात परवडणारा कोळसा संपलेला असतो.

कधी खाण न्यायालयाच्या आदेशानेही थांबते. भद्रावती तालुक्यातील बरांजची खाण आठवावी. कर्नाटकच्या वीज महामंडळाला हे कोळसा साठे दिलेले होते आणि एका खासगी कंपनीच्या भागीदारीत खाण चालत होती. सर्वोच्च न्यायालयाने 24 सप्टेंबर 2014 रोजी देशातील 204 कोळसा साठ्यांचे वाटप रद्द केले. चालू खाणींना 31 मार्च 2015 पर्यंत मुदत मिळाली आणि बरांजची खाण बंद झाली. वाटपातला घोटाळा दिल्लीतला होता. त्याचा न्याय झाला, चांगले झाले. पण त्या न्यायाची किंमत बरांजच्या कामगारांनी आणि अर्धवट पुनर्वसनात अडकलेल्या कुटुंबांनी चुकवली. जमीन गेली होती, गाव धड हलले नव्हते आणि फाटकाला कुलूप. काही वर्षांनी खाण पुन्हा सुरू झाली तेव्हाही जुन्या मागण्या तशाच होत्या. खाण बंद असताना तिथल्या माणसांची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर त्या काळात कुणाकडेच नव्हते.

कामगारांचेही असेच. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. 1975 मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. कोळसा खाणीची नोकरी म्हणजे क्वार्टर, दवाखाना, बोनस, मुलांचे शिक्षण असे समीकरण तयार झाले. 1980 च्या दशकात कोल इंडियाकडे सहा लाखांहून अधिक कायम कामगार होते. आज ती संख्या अडीच लाखांच्याही खाली आली आहे. कोळसा मात्र कित्येक पटींनी वाढला. कारण आता नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो आणि माती काढण्याचे बरेचसे काम कंत्राटदार करतो. कायम कामगाराची खाण बंद झाली तर त्याची बदली होते. कंत्राटी चालकाची बदली होत नाही. त्याचा फोन लागेनासा होतो एवढेच.

बंद झालेली खाण शांत पडून राहते, असे समजणे चूक आहे. घुग्घुसच्या अमराई भागात ऑगस्ट 2022 मध्ये एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. तिथे खाली जुन्या काळची भूमिगत खाण होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. ती खाण खुली नव्हती हे खरे, पण मुद्दा तोच आहे. ज्यांनी कोळसा काढला ते केव्हाच गेले, पोकळी वारसांना मिळाली. वरोऱ्याची सरकारी खाण 1906 मध्ये बंद झाली. ज्या कोळशासाठी तिथे रेल्वे आणली गेली तो आज तिथल्या तरुणाला आजोबांच्या गोष्टीतही सापडत नाही.

खुल्या खाणीची पोकळी डोळ्यांना दिसते, म्हणून ती कमी धोक्याची वाटते. काठ ढासळतात. गुरे पाण्यात उतरतात, मुले पोहायला जातात. ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजते आणि तिच्या आडोशाला वाघ-बिबटे राहायला येतात. दुर्गापूरच्या वस्तीने आणि शेजारच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या कामगारांनी 2022 मध्ये याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. त्या धुळीत खाण, वीज केंद्र, सिमेंट, रस्ता असे सगळ्यांचे वाटे आहेत. ज्याचा वाटा सिद्ध करता येत नाही त्याला कुणी दंड करत नाही.

आता कायद्याकडे वळू. यातली खरी मेख तिथे आहे.

कोळशासाठी जमीन घेण्याचा स्वतंत्र कायदा 1957 सालचा आहे. सरकार अधिसूचना काढते, हरकतींसाठी तीस दिवस मिळतात, मग घोषणा होते आणि जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारकडे जाते. तिथून ती सरकारी कंपनीकडे जाते. या कायद्यात जमीन घेण्याचा दरवाजा आहे, परत देण्याचा नाही. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यात कलम 101 आले. घेतलेली जमीन पाच वर्षे न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेला परत जावी, असे ते सांगते. पण कोळशाचा कायदा त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात अपवाद म्हणून बसवलेला आहे. 2015 पासून मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्याला लागू झाल्या. परत देण्याचे कलम बाहेरच राहिले. म्हणजे आपल्याकडून जमीन घेताना सार्वजनिक हित, आणि ते हित साधून झाल्यावर मालकी हक्क!

मोबदल्याची तत्परता कशी असते याचे एक उदाहरण ओडिशातले आहे. सुंदरगढ जिल्ह्यातील गोपालपूरच्या आदिवासींची जमीन याच 1957 च्या कायद्याखाली गेली आणि दोन दशके त्यांना मोबदला मिळाला नाही. 2010 मध्ये न्यायमूर्ती आफताब आलम यांच्या खंडपीठाने कंपनीचा जमीन नको असल्याचा बचाव फेटाळला आणि मोबदला ठरवण्यासाठी आयोग नेमला. कंपनीला जमीन हवी होती तेव्हा ती घेतली गेली, आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ती नकोशी झाली.

एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी एक पाऊल टाकले. कोळसा संपलेल्या किंवा खाणीस निरुपयोगी ठरलेल्या जमिनींवर वॉशरी, वीज प्रकल्प, सौर ऊर्जा, कोळशापासून वायू बनवणे, पर्यायी वनीकरण असे उद्योग करता येतील, जमीन भाड्यानेही देता येईल, मात्र मालकी सरकारी कंपनीकडेच राहील, असे धोरण ठरले. धोरण जाहीर करताना पडीक जमिनीचा सदुपयोग असे सांगितले गेले. जमीन पडीक कुणी केली, हे कुणी विचारले नाही.

हा सदुपयोग आपल्याकडे आधीच सुरू झालेला आहे. ओबीच्या ढिगाऱ्यातून रेती वेगळी काढून विकली जाते. नागपूरच्या घरकुलांना ती स्वस्तात मिळाली, हे चांगलेच झाले. नदीची रेतीही तेवढी वाचली. पण ढिगारा ज्याच्या शेतावर उभा आहे त्याचा त्या रेतीत काय वाटा? खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरले जाते. ज्या गावच्या विहिरी खाणीच्या पंपांनी आटल्या तिथल्या माणसाने ती बाटली विकत घ्यायची की काय? 2016 च्या अखेरीस सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण पाहायला पर्यटकांच्या सहली सुरू झाल्या. खड्ड्याच्या काठावर उभे राहून छायाचित्र काढायचे, बागेत खायचे, परत यायचे. यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी पाहिली तर वाईट नाही, काही तर उपयोगाची आहे. एकत्र पाहिली की वेगळे चित्र दिसते. जमीन कोळशासाठी घेतली होती. आता त्याच जमिनीची माती, तिचे पाणी, तिच्यावरचे ऊन आणि तिचा देखावा, सगळे उत्पन्न झाले. शेतकऱ्याला मोबदला मिळाला तो कोरडवाहू शेताचा.

यावर ठरलेली उत्तरे येतात. मोबदला दिला, नोकरी दिली, आता काय हवे? नोकरीचे तेवढे पाहू. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकर जमिनीमागे एक नोकरी. ज्यांच्याकडे दोन एकर नाहीत त्यांनी शेजाऱ्यांची जमीन एकत्र करून एकाला नोकरी लावायची. त्यातून भाऊबंदकीचे किती दावे उभे राहिले हे या भागातल्या कुठल्याही वकिलाला विचारावे. कूळ, बटाईदार, शेतमजूर यांच्यासाठी त्या धोरणात छोटी कंत्राटे, सहकारी संस्था, कंत्राटदाराने शक्य असल्यास प्राधान्य द्यावे, अशी भाषा आहे. शक्य असल्यास! नोकरीचा हक्क जमिनीला चिकटवला की जमीन नसलेल्या माणसाचा हक्क आपोआप हवेत जातो.

आणि इथे हा प्रश्न आपल्या दाराशी येतो.

कोळसा पट्ट्यातला मुसलमान बहुतांशी शेतकरी नाही. राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे तिथल्या काही घरांत फसली सालाचे उर्दू कागद अजून जपून ठेवलेले आहेत. पण कागद असणे वेगळे आणि जमीन असणे वेगळे. आपली माणसे खाणीच्या फाटकाबाहेर सापडतात. टायर पंक्चरचे दुकान, वेल्डिंग, डिझेल पंपाचा मिस्त्री, ट्रकचा चालक आणि त्याच्याबरोबरचा क्लीनर, चहाची टपरी, भंगाराचा काटा, बोकडाच्या मटणाचे दुकान. सच्चर समितीने 2006 मध्ये जे देशभराचे सांगितले तेच इथले चित्र आहे. सरकारी आणि सार्वजनिक उद्योगांतल्या नोकऱ्यांत मुसलमान कमी, स्वतःच्या हिमतीवर लहानसहान धंदा करणाऱ्यांत जास्त. हे धंदे खाणीवर जगतात, पण खाणीच्या एकाही रजिस्टरात त्यांची नोंद नसते. जमीन घेतली गेली तेव्हा ते प्रकल्पग्रस्त नव्हते. खाण बंद होते तेव्हाही ते प्रकल्पग्रस्त नसतात. दोन्ही वेळा रोजी गेली, दोन्ही वेळा यादीत नाव नाही.

हे फक्त आपलेच दुखणे आहे असे मी म्हणत नाही. फाटकासमोरच्या त्याच रांगेत बौद्ध आहे, कोळी आहे, न्हावी आहे, तेलंगणातून आणि छत्तीसगडहून आलेला मजूर आहे. गोंड-कोलामांचे तर जंगलच गेले. म्हणूनच हा प्रश्न एखाद्या बिरादरीचा म्हणून लढवता येणार नाही. पण आपण तो आपला म्हणून उचलतही नाही. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण सांगत आलो की सामान्य मुसलमानाचे खरे प्रश्न भाकरीचे, शिक्षणाचे, सुरक्षिततेचे आहेत आणि ते इतर बहुजनांहून वेगळे नाहीत. मग आपल्या कथांत खाण का नाही? आपल्या परिसंवादांत विस्थापन हा विषय आला तरी तो धरणापाशी का थांबतो? एका संमेलनात मी हा विषय सुचवला तेव्हा एका जाणत्या मित्राने शांतपणे सांगितले की हा पर्यावरणवाल्यांचा विषय आहे. पंक्चरवाला पर्यावरणात येत नाही आणि कौमच्या प्रश्नांतही येत नाही, तर तो येतो कशात?

स्त्रियांचा तर उल्लेखही कुणी करत नाही. जमिनीमागे नोकरी आली की घराघरांत मुलाचे किंवा जावयाचे नाव पुढे गेले. बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतली गेली. हे सर्व जातिधर्मांत झाले, आणि मुलीला वारसाहक्क देण्याचा अभिमान सांगणारे आपणही त्यात मागे नव्हतो. एरवी प्रत्येक गोष्टीला शरीयत आठवणाऱ्यांना हक्कसोडीच्या स्टॅम्पपेपरवर ती आठवत नाही. धान्य निवडणे, निंदणी, गुरे, सरपण यांतून बाईच्या हातात जे चार पैसे येत ते शेताबरोबर गेले. खदानीत तिला काम नव्हते, आणि खाण बंद झाल्यावर तिच्या बेकारीची नोंदही होत नाही, कारण ती कधी कामावर होती असे कुणी मानलेच नाही.

दुसरा आक्षेप असा की ती जमीन आता शेतीच्या लायकीची राहिलेलीच नाही, मग परत घेऊन करणार काय? हा युक्तिवाद मला फार गमतीचा वाटतो. उसना घेतलेला अंगरखा फाडून टाकायचा आणि मग म्हणायचे, फाटका परत करून तुमचा अपमान कशाला करू! जमीन लायक करून देणे हीच तर खाणवाल्याची जबाबदारी आहे. 2009 मध्ये कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. खुल्या खाणीसाठी त्या वेळच्या दराने हेक्टरी सहा लाख रुपये धरून वेगळ्या एस्क्रो खात्यात दरवर्षी पैसे भरायचे, खड्ड्याचे, ढिगाऱ्याचे, पाण्याचे आणि कामगारांचे काय करणार हे लिहून द्यायचे, असे ठरले. पुढे त्यांत दुरुस्त्या होत गेल्या. कागदावर ही चांगली व्यवस्था आहे. तिच्यात उणीव एवढीच की आराखडा करणारी कंपनी, मंजूर करणारे मंत्रालय, आणि तपासणाऱ्या संस्थाही सरकारीच. ज्या गावात खड्डा राहणार त्या गावाला आराखडा वाचायलाही मिळत नाही. 2009 पूर्वी ज्या खाणी सोडून दिल्या त्यांच्यासाठी तर असे खातेच उघडले गेले नव्हते.

तिसरा आक्षेप नव्या काळातला. जग कोळसा सोडायला निघाले आहे, तेव्हा खाणी बंद होणे ही आनंदाचीच गोष्ट, असे शहरातले सुशिक्षित लोक म्हणतात. हवा सुधारली तर चंद्रपूरकराइतका आनंद कुणालाही होणार नाही. त्याने ती फुफ्फुसात भरली आहे. पण कोळशाच्या जागी सौर पट्ट्या आल्या, जमीन त्याच कंपनीकडे राहिली, पट्ट्या पुसायला चार कंत्राटी पोरे लागली आणि फाटकासमोरचा रस्ता ओस पडला, तर गावाच्या दृष्टीने बदलले काय? आधी इंधन जमिनीखालून नेत होते, आता वरून नेतील.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. 1957 च्या कायद्यात दुरुस्ती करून कोळसा संपलेली जमीन परत देण्याचे कलम घाला. खड्डा जेवढा भरता येईल तेवढा भरून, काठ उतरते करून, वर काळी माती पसरून ती ग्रामसभेच्या ताब्यात द्या. ज्यांची शेते गेली त्यांना शेती करण्याजोगा भाग आणि उरलेला भूमिहीनांना कसायला किंवा धंद्याला. जिथे पाणी राहणारच तिथे मासेमारीचा हक्क गावच्या भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला. रेती, पाणी, सौर भाडे यांतून येणाऱ्या उत्पन्नात ग्रामपंचायतीचा ठरलेला हिस्सा. आणि खाण बंद करण्याच्या आराखड्यात फाटकाबाहेर पोट भरणाऱ्या प्रत्येकाची मोजणी. रेशनकार्ड, दुकानाचे वीजबिल, ट्रकचा परवाना, यांपैकी कुठलाही एक कागद पुरावा म्हणून चालला पाहिजे. जुने कब्रस्तान, स्मशान, देवस्थान ढिगाऱ्याखाली गेले असेल तर त्याची नोंद नकाशावर असावी. हलवताना आपल्या वडीलधाऱ्यांना काय वाटले हे कुणी विचारले नव्हते, निदान जागा तरी माहीत असू द्या.

यातले काहीही मागायचे तर आधी आराखडा हातात हवा. शेवटचा आराखडा खाण बंद होण्याच्या काही वर्षे आधी मंजूर करून घ्यावा लागतो. 2009 च्या तत्त्वांत ही मुदत पाच वर्षांची होती. बोलण्याची वेळ तीच असते, पंप थांबल्यावर नव्हे. ज्या खाणीतून कोळसा वर यायला आता फार दूरचा वळसा लागतो, जिथून यंत्रे हलू लागली आहेत, तिथल्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागाव्यात : खाण बंद करण्याचा मंजूर आराखडा, एस्क्रो खात्यात आजवर भरलेली आणि त्यातून काढलेली रक्कम, ती कुठल्या कामावर खर्च झाली त्याचा तपशील, आणि गावनिहाय बाधित कुटुंबांची यादी. कंपनी केंद्र सरकारची असली तरी अर्ज मराठीत करता येतो. 2005 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये तशी तरतूद आहे. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही.